ऱ्हायनेला: अमेरिकेतल्या भेकांची नावं आणि पत्ते (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

केन टोड, म्हणजे उसाचा भेक, आपल्याकडे ऑस्ट्रेलियाच्या बातम्यांमुळे माहीत झाला. तो मूळचा तिकडचा नाही, आणि त्याची भावकी मोठी आहे. टेक्सासच्या दक्षिण टोकापासून पॅटागोनियापर्यंत पसरलेल्या या भावकीचं नाव ऱ्हायनेला. तिच्याबद्दल लोक जे विचारतात, त्याची उत्तरं खाली आहेत. बरीचशी उत्तरं फिरून नावांवरच येतात. त्याला इलाज नाही, कारण या भेकांच्या बाबतीत ‘किती आहेत’ आणि ‘कुठे आहेत’ हे दोन्ही प्रश्न ‘कोणाला काय म्हणायचं’ हे ठरल्याशिवाय सुटत नाहीत.

ऱ्हायनेला म्हणजे नक्की कोण?

बूफोनिडी या भेक-कुलातली एक प्रजाती. मराठी विश्वकोशाच्या पद्धतीनं इथे जीनसला ‘प्रजाती’ आणि स्पीशीजला ‘जाती’ म्हटलं आहे. वर्तमानपत्रं नेमकं उलटं लिहितात, तेव्हा गोंधळ नको.

भेक-कुलाच्या जगभर सहाशेहून जास्त जाती आहेत. खडबडीत कातडी, आखूड पाय, दात नसलेला जबडा आणि बहुतेकांमध्ये डोळ्यांच्या मागे फुगीर विषग्रंथी ही त्यांची ठेवण. अंडी बहुधा लांब चिकट माळांमध्ये घातली जातात. ऱ्हायनेला ही त्यातली खास अमेरिकी शाखा. मुख्य घर दक्षिण अमेरिका, काही जाती मध्य अमेरिकेत.

एकूण जाती किती?

नव्वदच्या आसपास. नेमका आकडा मुद्दाम दिलेला नाही. तो दरवर्षी हलतो, आणि दोन्ही दिशांना हलतो: कुठल्या तरी डोंगरावर नवी जात सापडते, आणि कुठल्या तरी दोन जुन्या जाती एकच निघतात. एखाद्या लेखात ठाम आकडा दिसला तर आधी लेखाचं साल बघा.

आपल्या अंगणात पावसाळ्यात येतो तो भेकही यांच्यातलाच ना?

कुल एक, प्रजाती वेगळी. आपला नेहमीचा भेक म्हणजे डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. यातलं ‘डटा’ हे भारतीय बेडूकतज्ज्ञ सुशील कुमार दत्ता यांच्या सन्मानार्थ आहे. २००६ पर्यंत मात्र आपला भेक आणि ब्राझीलचा भेक कागदावर एकाच घरात राहत होते. दोघांचं आडनाव बूफो. युरोपातला, आफ्रिकेतला, अमेरिकेतला, आशियातला, जो जो ठेंगणा आणि खरबरीत दिसला तो तो बूफो, असा शेकडो जातींचा तो ढीग होता.

२००६ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतल्या डॅरेल फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या उभयचरांचा वंशवृक्ष प्रसिद्ध केला आणि तो ढीग फोडला. बूफो हे नाव युरोप, उत्तर आफ्रिका आणि आशियातल्या थोड्या जातींपुरतं उरलं. आपला भेक डटाफ्रायनस झाला. कोयनेच्या परिसरातून १९६३ मध्ये बूफो कोयनायेन्सिस म्हणून नोंदवलेल्या भेकाला २००९ मध्ये झँथोफ्रायने ही नवी प्रजाती मिळाली, आणि आंबोलीचा पिवळा-काळा भेक त्याच वेळी तिच्यात नव्याने दाखल झाला. म्हणजे आंबोलीच्या सड्यावर बसलेल्या भेकाचं नाव आणि ॲमेझॉनच्या काठावरच्या भेकाचं नाव एकाच उलथापालथीतून आलं आहे.

मग अमेरिकी भेकांना ‘ऱ्हायनेला’च का? काही पुस्तकांत ‘चाउनस’ दिसतं.

२००६ च्या फोडाफोडीत केन टोड आणि त्याचे जवळचे भाऊबंद चाउनस या प्रजातीत गेले. हे नाव वागलरनं १८२८ मध्ये दिलेलं होतं. लांब नाकाचे काही जंगली भेक तेवढे ऱ्हायनेलात राहिले, ते नाव फित्सिंगरचं, १८२६ चं. पुढच्याच वर्षी पेरूमधल्या एका नव्या भेकाचं वर्णन करताना चापारो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या दोन प्रजाती वेगळ्या काढताच येत नाहीत. एक दुसरीच्या पोटात आहे. दोन नावं एकत्र आली की जुनं टिकतं, हा प्राणिनामकरणाचा मूळ नियम. दोन वर्षांच्या फरकानं ऱ्हायनेला जिंकलं. त्यामुळे २००६ ते २००८ दरम्यानच्या लिखाणात चाउनस मरीनस भेटतो आणि नंतर गायब होतो.

ऱ्हायनेलाचा ग्रीक मूळ शब्द नाकाचा. स्पिक्सनं १८२४ मध्ये ब्राझीलमधल्या टोकदार मुस्कटाच्या एका भेकाला प्रोबॉसिडियस म्हटलं होतं, त्याच्यावर ही प्रजाती उभी आहे. आता गंमत अशी की केन टोडचं मुस्कट चांगलं बोथट असतं, तरी आडनाव नाकाचंच. शिवाय बूफो पुल्लिंगी आणि ऱ्हायनेला स्त्रीलिंगी, त्यामुळे मरीनसचा मरीना झाला, ग्रॅन्युलोससचा ग्रॅन्युलोसा. नाव बदलल्यासारखं दिसतं, पण ते फक्त लॅटिन व्याकरण.

‘मरीना’ म्हणजे समुद्रातला. केन टोड समुद्रात राहतो का?

नाही. थोडं मचूळ पाणी त्याला चालतं, समुद्र नाही. हे नाव ॲम्स्टरडॅमच्या एका औषधविक्यामुळे चिकटलं. आल्बर्टस सेबा बंदरात येणाऱ्या जहाजांवरच्या माणसांकडून चित्रविचित्र प्राणी विकत घ्यायचा. १७३४ पासून त्यानं आपल्या संग्रहाची भल्यामोठ्या चित्रांची ग्रंथमाला छापायला घेतली. तिच्यात एक दांडगा अमेरिकी भेक आहे, आणि तो जमिनीवर तसाच समुद्रातही राहतो असा सेबाचा समज होता. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनं १७५८ मध्ये त्या चित्राच्या आधारे राना मरीना हे नाव दिलं. त्या काळी बेडूक आणि भेक सगळे ‘राना’तच असत.

प्राणी न बघता चित्रावरून नाव देणं तेव्हा सर्रास चाले. त्याची किंमत पुढची अडीचशे वर्षं मोजावी लागली. सेबाचा संग्रह विकला गेला, विखुरला, आणि त्या चित्रातला प्राणी नेमका कुठून आला होता हे विचारायला कोणी उरलं नाही.

केन टोड एक जात आहे की दोन?

दोन, असं आता बहुतेक अभ्यासक धरतात. १९९८ मध्ये स्लेड आणि मॉरिट्झ यांनी माइटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या, डीएनएवरून दाखवलं की अँडीज पर्वताच्या पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे केन टोड खूप आधीपासून वेगळे झाले आहेत. पर्वत मध्ये उभा राहिला, दोन्ही बाजूंची ये-जा थांबली. २०१६ मध्ये आसेवेदो आणि सहकाऱ्यांनी कवटीची मापं आणि डीएनए एकत्र मांडून निकाल दिला: पूर्वेकडचा ऱ्हायनेला मरीना, आणि पश्चिमेकडचा ऱ्हायनेला हॉरिबिलिस.

हॉरिबिलिस हे नाव नवं घडवावं लागलं नाही. वीगमननं १८३३ मध्येच मेक्सिकोतल्या भेकाला ते देऊन ठेवलं होतं, नंतरच्यांनी ते मरीनात मिसळून टाकलं होतं. आता ते पुन्हा बाहेर काढलं. त्यामुळे पेरू-इक्वेडोरच्या पश्चिम किनाऱ्यापासून पनामा, मेक्सिको ते थेट टेक्सासपर्यंतचा मूळ रहिवासी केन टोड हा हॉरिबिलिस आहे, आणि ॲमेझॉन खोरं, गयाना, व्हेनेझुएलाचा पूर्व भाग इथला मरीना.

कोलंबियातल्या ला व्हेंटा इथल्या मायोसीन काळातल्या खडकांत सापडलेली भेकाची हाडं १९६३ मध्ये केन टोडची म्हणून नोंदवली गेली. कोट्यवधी वर्षांत हाडांचा घाट फारसा बदलला नाही असा त्याचा अर्थ. हाडं इतकी सारखी असतील तर डोळ्यांनी जाती ओळखणारे फसले यात नवल काय?

एकाच भेकाची तीन-तीन शास्त्रीय नावं का सापडतात?

बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या मनात ब्राझील, पॅराग्वे, बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनातला तो प्रचंड भेक असतो. ग्वारानी भाषेत भेकाला कुरुरू म्हणतात, आणि ब्राझीलमध्ये याला सापो-कुरुरू. आकारानं केन टोडच्या तोडीस तोड. ओळखायचा कसा? मागच्या पायाची नडगी बघा. तिच्यावर लांबट, फुगीर अशी आणखी एक ग्रंथी असते, जणू कानामागच्या विषग्रंथीची प्रत काढून पायावर डकवली आहे. केन टोडच्या नडगीवर ती नसते.

या ग्रंथीवरूनच लुट्झनं १९२५ मध्ये त्याला बूफो पॅराक्नेमिस म्हटलं, म्हणजे नडगीलगतचा. नाव नेमकं, लक्षात राहणारं, आणि कित्येक दशकं सगळ्यांनी वापरलं. मग लक्षात आलं की वेर्नरनं १८९४ मध्येच याला श्नायडेरी म्हटलं होतं. जुनं नाव टिकतं, म्हणून पॅराक्नेमिस गेलं. अभ्यासकांनी लेबलं बदलली, श्नायडेरीची सवय लावून घेतली. आणि २०१८ मध्ये लाव्हिया आणि ब्रुस्केत्ती यांनी त्याहून जुना कागद काढला: कोपनं १८६२ मध्ये वर्णन केलेला बूफो डिप्टिकस. हा नमुना कॅप्टन थॉमस पेज याच्या पॅराना-पॅराग्वे नद्यांवरच्या मोहिमेतून अमेरिकेत पोहोचला होता. त्यांनी दाखवलं की तो याच भेकाचा आहे. आज नाव आहे ऱ्हायनेला डिप्टिका.

माझं मत विचाराल तर तिघांत पॅराक्नेमिस सर्वांत चांगलं होतं. पण नियमाला चांगल्या-वाईटाशी देणं-घेणं नसतं, तारखेशी असतं. आणि तसं नसतं तर प्रत्येक देशानं आपापलं आवडतं नाव धरून ठेवलं असतं.

सुक्या पानासारखा दिसणारा भेक कोणता?

मार्गारिटिफेरा गटातला कोणीतरी. ‘कोणीतरी’ हे टाळाटाळ म्हणून म्हटलेलं नाही, इथली खरी स्थितीच तशी आहे. जंगलातल्या पाचोळ्यात बसलेला हा भेक अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, पाठ तपकिरी, मध्यभागी बहुधा एक फिकट रेघ, पानाच्या शिरेसारखी. डोक्यावर डोळ्यांमागे हाडाच्या कडा उभ्या असतात. काही माद्यांमध्ये त्या इतक्या वाढतात की दोन कान उभे केल्यासारखं दिसतं. कुशीच्या बाजूनं टोकदार गाठींची रांग असते, ती कुजक्या पानाच्या कडेसारखी भासते. तुम्ही पाय टाकेपर्यंत तो हलत नाही.

या सगळ्यांना विसाव्या शतकात बराच काळ बूफो टायफोनियस म्हणत. पनामापासून बोलिव्हियापर्यंत, एकच नाव. त्यात दोन घोटाळे होते. पहिला, लिनियसची राना टायफोनिया ही मुळात भेकच नव्हती. ते नाव आता झाडावर राहणाऱ्या एका बेडकाकडे, ट्रॅकिसेफॅलसकडे, गेलं आहे. दुसरा, त्याऐवजी घेतलेलं मार्गारिटिफेरा हे लॉरेन्टीचं १७६८ चं नावही सेबाच्या चित्रावरच टेकलेलं निघालं. चित्रातला भेक कुठल्या नदीकाठचा हे कळल्याशिवाय आजच्या डझनभर सारख्या जातींपैकी कोणाला ते नाव द्यायचं? शेवटी २०१३ मध्ये ब्राझीलमधला एक नवा नमुना अधिकृतपणे त्या नावाचा आधार म्हणून नेमला गेला. आता निदान एक खुंटी ठोकली आहे, बाकीचं तिच्यापासून मोजता येतं.

खुंटी ठोकण्याआधीच फांद्या सुटायला लागल्या होत्या. फ्रेंच गयानातून २००७ मध्ये मार्टी आणि लेस्क्युरी या दोन जाती वेगळ्या झाल्या. पनामा ते पश्चिम इक्वेडोरमधल्या भेकांना अलाटा हे जुनं नाव परत मिळालं. तरी ॲमेझॉनच्या मोठ्या भागातले पानभेक अजून ‘मार्गारिटिफेरा गट’ असंच लिहून सोडावे लागतात. फोटोवरून कोणी ठामपणे जात सांगत असेल तर त्याला ठिकाण विचारा.

ब्राझील नटमध्ये राहणारा भेक खरंच आहे का?

आहे, आणि याच पानभेकांच्या गटातला आहे. ऱ्हायनेला कॅस्टॅनिओटिका. ब्राझीलच्या पारा राज्यातल्या शिंगू नदीच्या परिसरातून जॅनली काल्डवेल यांनी १९९१ मध्ये त्याचं वर्णन केलं.

आपण खातो ते ब्राझील नट म्हणजे बिया. झाडावर त्या एका जाड, लाकडी, जवळपास नारळाएवढ्या गोलात भरलेल्या असतात. पावसाळ्यात हे गोल उंचावरून धाडधाड खाली पडतात. अगूटी नावाचा, सशाएवढा कुरतडणारा प्राणी त्याला दातांनी भोक पाडतो, बिया काढून नेतो, आणि रिकामी करवंटी तिथेच टाकतो. पाऊस ती भरतो. काळसर, पानं कुजलेलं, ओंजळभर पाणी. भेकाची मादी त्यात अंडी घालते. केन टोडची मादी एका वेळी हजारोंनी, कधी तीस हजारांपर्यंत अंडी घालते, इथे मात्र मोजकीच, कारण जागाच नाही.

त्या ओंजळीत भेकाचे बेडूकमासे एकटे नसतात. एका विषारी बेडकाची पिल्लंही तिथेच वाढतात, आणि त्यालाही नाव कॅस्टॅनिओटिकसच दिलं गेलं आहे, दोन्ही नावं ब्राझील नटच्या पोर्तुगीज नावावरून. शिवाय मोठ्या डासांच्या मांसाहारी अळ्या असतात. कोण कोणाला खाणार हे बहुधा कोण आधी आला आणि किती वाढला यावर ठरतं. अगूटी कमी झाल्या तर करवंट्या उघडणार कोण, आणि मग हा भेक अंडी घालणार कुठे, असा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. शिकारीचा परिणाम असा आडवाटेनंही पोहोचतो.

मेलेल्या मादीच्या अंड्यांचं फलन करणारा भेक, ही अफवा आहे का?

अफवा नाही. तो ऱ्हायनेला प्रोबॉसिडिया, म्हणजे स्पिक्सचा तोच टोकदार नाकाचा भेक. मनौसजवळच्या डुके राखीव जंगलात याचं निरीक्षण झालं आणि २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. जोरदार पावसानंतर दोन-तीन दिवस डबक्यांवर नरांची एवढी गर्दी उसळते की रेटारेटीत काही माद्या बुडून मरतात. नर मेलेल्या मादीला कवटाळून कुशी दाबतात, अंडी बाहेर येतात, आणि नर त्यांच्यावर शुक्रपेशी सोडतो. त्यातून भ्रूण वाढलेले दिसले. मादी वाया गेली तरी पिढी वाया जात नाही.

ग्रॅन्युलोसा गटात सगळी माणसांचीच नावं का?

कारण हा गट १९५० आणि ६० च्या दशकांत अर्जेंटिनाच्या होसे गायार्दो यांनी उकलायला घेतला, आणि त्यांनी बरीच नावं व्यक्तींवरून दिली. हुम्बोल्टी हे आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्यावरून, मेरिआनी हे सुरिनाममध्ये कीटकांची चित्रं काढणाऱ्या मारिया सिबिला मेरियन यांच्यावरून, बीबी हे विल्यम बीब यांच्यावरून. गायार्दोंच्या स्वतःच्या नावाचाही एक भेक आहे. ठेंगणे, दाणेदार कातडीचे, उघड्या गवताळ आणि रखरखीत भागातले हे भेक पनामापासून अर्जेंटिनाच्या पंपापर्यंत आहेत. २००९ मध्ये नार्व्हाएस आणि रॉद्रिगेस यांनी पूर्ण गट पुन्हा तपासला.

जाती वाढतातच का? कमी कधी होत नाहीत?

होतात. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या जंगलात क्रुसिफर गट आहे. २००४ मध्ये त्याची फेरतपासणी होऊन ॲबी आणि पोंबाली या दोन नव्या जाती जाहीर झाल्या. पुढे जनुकीय अभ्यासात दिसलं की पोंबाली म्हणून ओळखले जाणारे भेक क्रुसिफर आणि ऑर्नाटा यांच्या सीमेवरचे संकर आहेत. जात रद्द झाली. ॲबी टिकला.

या प्रजातीत संकर हा अपवाद नाही, नेहमीची गोष्ट आहे. चिलीत अरुंको आणि अटाकामेन्सिस या दोन जातींचे पट्टे जिथे मिळतात तिथेही संकर आढळतात. डीएनएचा एखादाच तुकडा पाहून जाती पाडणाऱ्यांना हे भेक हमखास गोत्यात आणतात. म्हणूनच २०२१ मध्ये पेरेयरा आणि सहकाऱ्यांनी पूर्ण प्रजातीचा जो मोठा आढावा घेतला, त्यात माइटोकाँड्रियाचा आणि पेशीकेंद्राचा डीएनए, हाडं, कातडी असं सगळं एकत्र धरलं. त्यांच्या मांडणीत दोन मुख्य फांद्या आहेत, एक मरीनाच्या बाजूची आणि एक मार्गारिटिफेराच्या बाजूची. सध्या हाच आराखडा हाताशी ठेवावा.

सगळ्यात उंचावर कोण राहतं?

ऱ्हायनेला स्पिन्युलोसा, पेरू, बोलिव्हिया, चिली आणि अर्जेंटिनाच्या अँडीजमध्ये. पेरूच्या व्हिल्कानोता पर्वतरांगेत हिमनद्या मागे हटल्यावर तयार झालेल्या डबक्यांत, ५,००० मीटरच्या वर, तो पोहोचल्याची नोंद आहे. बाकीचे भेक दिवसा लपतात, हा मात्र सकाळी उन्हात येऊन बसतो. पातळ हवेत सूर्याची ऊब घेऊन त्याचं अंग भोवतालच्या हवेपेक्षा बरंच गरम होतं, नाहीतर तिथल्या थंडीत खाल्लेलं पचणारही नाही. त्याच्याच गोतावळ्यातला अटाकामेन्सिस जगातल्या अतिकोरड्या वाळवंटाच्या कडेला, नदीच्या अरुंद खोऱ्यांतल्या पाण्यावर जगतो.

ऱ्हायनेला कुठे नाही?

कॅरिबियन बेटांवर मूळचा नाही. त्रिनिदाद आणि टोबॅगो हे अपवाद, पण ती बेटं प्राण्यांच्या दृष्टीनं दक्षिण अमेरिकेचाच तुकडा आहेत. क्युबा, पोर्तो रिको, हिस्पॅनियोला इथले खरे स्थानिक भेक पेल्टोफ्रायने प्रजातीचे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत इन्सिलियस प्रजातीचं राज्य आहे, तिथे ऱ्हायनेलाचे मोजकेच प्रतिनिधी. आणि अगदी दक्षिणेला, मॅगेलनच्या सामुद्रधुनीकडे, नॅनोफ्रायने लागतो. भडक रंगांचे अटेलोपसही याच कुलातले, पण त्यांची कहाणी वेगळी आणि जास्त दुःखद आहे.

ऑस्ट्रेलियात केन टोड पोहोचला कसा?

उसातून. उसाची मुळं खाणाऱ्या भुंग्यांच्या अळ्यांवर इलाज म्हणून. दक्षिण अमेरिकेतून कॅरिबियन मळे, तिथून पोर्तो रिको, १९३२ मध्ये हवाई, आणि १९३५ मध्ये हवाईहून १०२ भेक क्वीन्सलँडला. रेजिनाल्ड मंगोमेरी यांनी ते आणले, गॉर्डनव्हेलमध्ये त्यांची पैदास केली आणि त्याच वर्षी पिल्लं सोडली. भुंगे उसाच्या शेंड्यावर, अळ्या जमिनीत, आणि भेक मध्येच. कामाचा काही उपयोग झाला नाही. त्यांना खाणारे क्वोल (पोटाला पिशवी असलेले छोटे मांसाहारी प्राणी), घोरपडी आणि गोड्या पाण्यातल्या मगरी मात्र विषानं मेल्या. २००६ मध्ये फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पसरण्याच्या आघाडीवर असलेल्या भेकांचे पाय मागच्यांपेक्षा लांब आहेत. जानेवारी २०२३ मध्ये क्वीन्सलँडच्या कॉनवे राष्ट्रीय उद्यानात २.७ किलोंची एक मादी सापडली.

‘तिकडचे लोक किती निष्काळजी’ असं म्हणायची घाई नको. आपल्या भेकाचे आग्नेय आशियाई नातलग, त्याच मेलॅनोस्टिक्टस नावाखाली मोडणारे, मादागास्करच्या तोआमासिना बंदरात उतरले आणि २०१४ पासून तिथे तोच प्रश्न गाजतो आहे.

हे भेक विषारी आहेत का? आणि चाटून नशा करतात तो हाच का?

विषारी, हो. कानामागच्या ग्रंथीतलं दूध हृदयाच्या पेशींमधल्या सोडियम-पोटॅशियम पंपावर काम करतं, डिजिटॅलिस या हृदयावरच्या औषधासारखं. कुत्र्यानं तोंडात धरला तर जीवावर बेतू शकतं. या द्रव्यांची नावं जुन्या भेक-नावांवरून पडली आहेत, मॅरिनोबुफॅजिन, अरेनोबुफॅजिन. भेकाचं नाव बदललं तरी रसायनाचं बदलत नाही.

नशेसाठी बदनाम झालेला भेक वेगळा: इन्सिलियस अल्व्हेरियस, सोनोरा वाळवंटातला. ऱ्हायनेला चाटू नका.

औषधशास्त्राचं याहून मोठं देणं अर्जेंटिनाच्या ऱ्हायनेला अरेनारमचं आहे. ब्वेनोस आयरेसमध्ये बर्नार्डो उसाय यांनी याच भेकांवर पीयूषिका ग्रंथी आणि साखरेच्या चयापचयाचे प्रयोग केले आणि १९४७ मध्ये नोबेल मिळवलं. त्याच वर्षी गाली मायनीनी यांनी गरोदरपणाची चाचणी मांडली: बाईच्या लघवीचं इंजेक्शन नर भेकाला द्यायचं, काही तासांत त्याच्या लघवीत शुक्रपेशी दिसल्या तर बाई गरोदर. त्याआधीच्या चाचणीत ससा मारावा लागे. भेक जिवंत राही आणि पुन्हा वापरता येई.

यातले किती धोक्यात आहेत?

केन टोड, डिप्टिका, अरेनारम यांची चिंता नाही. चिंता आहे ती एकेका डोंगरापुरत्या जातींची. कोलंबियाचा चोचीच्या तोंडाचा ऱ्हायनेला रोस्ट्राटा १९१४ नंतर कोणाला दिसलेला नाही. २०१० मध्ये हरवलेल्या उभयचरांची जागतिक शोधमोहीम निघाली, तीतही तो सापडला नाही. अशा वेळी नाव-निश्चिती ही कागदी हौस राहत नाही. एका मोठ्या ‘सर्वत्र आढळणाऱ्या’ नावाखाली एखादी छोटी जात दडली असेल, तर ती संपली तरी यादीत काही हलत नाही.

जुन्या पुस्तकात ‘बूफो मरीनस’ लिहिलंय. आता काय लिहायचं?

आधी प्राणी कुठला ते बघा. ॲमेझॉन, गयाना किंवा अँडीजच्या पूर्वेचा असेल तर ऱ्हायनेला मरीना. मेक्सिको, मध्य अमेरिका, अँडीजच्या पश्चिमेचा किंवा टेक्सासचा मूळ रहिवासी असेल तर ऱ्हायनेला हॉरिबिलिस. हवाई आणि ऑस्ट्रेलियातले भेक पूर्वेकडच्या वंशाचे, म्हणून मरीना. जुन्या ब्राझिली किंवा अर्जेंटिनी लिखाणात नडगीवर ग्रंथी असल्याचा उल्लेख असेल तर तो डिप्टिका. ठिकाण दिलेलंच नसेल तर नवं नाव अंदाजानं लावू नका. ‘मूळ लेखात बूफो मरीनस’ असं लिहा आणि तसंच सोडा.